गिअरबॉक्स उतरवण्याआधी : फोक्सवॅगन टी३ कॅम्परचा हायड्रॉलिक क्लच

मंडळी, आज एकाच गाडीबद्दल बोलायचं आहे. फोक्सवॅगनची टी३ व्हॅन, १९७९ साली आलेली; राहण्या-झोपण्याची सोय असलेली ती कॅम्पर. अमेरिकेत ती व्हॅनागन म्हणून विकली गेली. आधीच्या टी२ मध्ये क्लचला वायर होती, टी३ मध्ये त्या जागी तेल आलं. या गाडीचे गिअर खरखरायला लागले की पुष्कळ जण सरळ क्लच प्लेटवर येतात आणि गिअरबॉक्स खाली उतरवतात. दोष मात्र बऱ्याचदा पेडलपाशीच असतो, चटई उचलली तर दिसेल असा.

गाडीची रचना डोळ्यासमोर आणा. चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो, इंजिन अगदी मागे, आणि क्लच मागच्या आसाच्याही पलीकडे. दोन आसांमधलं अंतरच २.४६ मीटर, म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंतची तेलाची नळी त्याहून लांब. पुढे पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, तो तेल ढकलतो; मागे गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर, तो त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवतो. तेलाचा डबा स्पीडोमीटरच्या मागे, डॅशबोर्डवरच्या झाकणाखाली. क्लच आणि ब्रेक या दोघांनाही तेल त्याच डब्यातून जातं. त्यामुळे क्लचची गळती हा ब्रेकचाही प्रश्न आहे. ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नका.

तेल डॉट ४ दर्जाचं, म्हणजे ब्रेकचंच. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. क्लचमध्ये उकळण्यापेक्षा गंजाची भीती जास्त. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, ती सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागाला खड्डे पाडते आणि खड्डे रबरी सील खातात. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेकबरोबर क्लचचंही तेल बदला. गॅरेजमध्ये चारही चाकांचं तेल निघतं आणि क्लचचा निपल (स्लेव्हवरचा, तेल आणि हवा काढायचा स्क्रू) राहून जातो, हे फार वेळा घडतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. सील धुवायला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल तर अजिबात नको; रबर फुगून वाया जातं.

आता तपासणी. पहिल्यांदा पेडल आणि मास्टरचा दांडा जिथे जोडलाय ती पिन काढून हातात घ्या. जुन्या टी३ मध्ये पिनेच्या मधोमध खाच पडलेली असते आणि पेडलचं भोक अंडाकृती झालेलं असतं. तिथे दोन मिलिमीटर गेले, तर पेडल जमिनीला टेकेपर्यंत मास्टरचा पिस्टन दोन मिलिमीटर कमी सरकतो. क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स खरखरतो. पिन नवी घाला, भोक भरून घ्या किंवा बुश बसवा. मात्र दांड्याला किंचित मोकळीक राहू द्या. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे तेल परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेल्या तेलाचा दाब अडकतो आणि क्लच स्लिप व्हायला, म्हणजे घसरायला लागतो. जुना रबरी होजही हेच करतो: आतून सुजतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही.

पेडल चार-पाचदा मारल्यावर कडक होत असेल तर आत हवा आहे. पहिल्या दाबाला चांगलं, पण पाय धरून ठेवला की हळूहळू खाली बसत असेल तर सील गेलंय. कोणतं, ते डबा सांगतो. पातळी उतरली तर तेल बाहेर जातंय: पेडलवर ओघळ असेल तर मास्टर, स्लेव्हच्या रबर बूटमध्ये ओल असेल तर स्लेव्ह. पातळी जागच्या जागी आणि बाहेर सगळं कोरडं, तर मास्टरचं आतलं सील तेल मागे डब्यात सोडतंय. आणि एक : प्लेट झिजल्याने पातळी उतरत नाही. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि तेल उलट डब्याकडे येतं.

नवी प्लेट घातल्यावर महिन्याभरात स्लेव्ह का गळतो, याचं उत्तरही इथेच आहे. नव्या प्लेटमुळे पिस्टन पुन्हा बाहेरच्या बाजूला चालू लागतो, जिथे इतकी वर्षं गंज साचलाय. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतील तर जोडीनेच बदला.

हवा काढण्याची तयारी : अर्धा लिटर ताजं तेल, पारदर्शक नळी, बरणी, आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा. ठोकळा अशासाठी की जुन्या मास्टरचा पिस्टन कधी न गेलेल्या गंजक्या भागात शिरून सील फाडू नये. निपलवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारा. तुटला तर काम दुप्पट. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर घ्या. मदतनीस पेडल दाबेल, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा, आणि पेडल वर यायच्या आत बंद करायचा. साधारण पंधरा वेळा. डबा रिकामा होऊ देऊ नका.

तरीही पेडल मऊ राहिलं, तर खालून भरा. आधी डब्यातलं थोडं तेल काढून घ्या, मग निपलमधून सिरिंजने तेल हळू वर ढकला. बुडबुड्याला वरच जायचं असतं, लांब नळीत ही पद्धत लागू पडते. डबा वाहू देऊ नका. खाली मीटरची वायरिंग आहे, आणि हे तेल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने पुसा. दुसरा उपाय म्हणजे स्लेव्ह सोडवून निपल वर राहील असा धरायचा आणि पिस्टन हाताने सावकाश आत दाबायचा. स्लेव्ह सुटा असताना पेडलला कोणी पाय लावता कामा नये, पिस्टन बाहेर उडतो.

हे सगळं नीट आहे, स्लेव्हचा दांडा पूर्ण सरकतोय, तरी गिअर पडत नाही, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा : रिलीज बेअरिंग (क्लचला दाबणारं), ते ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचे बुश, प्लेट.

काम झाल्यावर सपाट जागी, समोर कोणी नसताना, इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाका आणि पेडल मिनिटभर न हलवता दाबून धरा, हात हँडब्रेकवर. गाडी पुढे ओढू लागली तर दाब कुठेतरी सुटतोय. दोन दिवसांनी स्लेव्हचा बूट उचलून आत बोट फिरवा. कोरडं निघालं, तर पेडलखालची चटई परत टाकायला हरकत नाही.