बरणीत मसाला नाही हो! ओकलंडच्या स्टेडियमची माती आणि एक शेवटची मॅच

नमस्कार मंडळी! आज सगळ्यात आधी बरणी.

(मागच्या शेल्फवरून बरणी काढून कॅमेऱ्याजवळ धरते.)

गेल्या चार-पाच व्हिडिओंखाली तुम्ही जो काही छळ मांडलाय ना! "ताई, मसाला असा उघड्यावर ठेवू नका, रंग उडतो." "ताई, कांदा-लसूण मसाला का? रेसिपी द्या." एका काकूंनी तर लिहिलं, "जाळी लागलेली दिसतेय, एकदा ऊन दाखव." काकू, ही माती आहे. बरणी लिंबाच्या लोणच्याची. लेबल अर्धंच निघालं, उरलेलं गरम पाण्यात भिजवूनही निघेना, म्हणून राहू दिलं. आतली माती मात्र अमेरिकेतल्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियमची, बेसबॉलच्या मैदानावरची. 26 सप्टेंबर 2024 ला तिथे ओकलंड ॲथलेटिक्सची शेवटची मॅच झाली, त्या दिवशी आणलेली.

हे एका शॉर्टमध्ये सांगितलं, तर खाली साडेतीनशे कमेंट्स. म्हणून आज नीट बसून सांगते.

बेसबॉलची तोंडओळख अर्ध्या मिनिटात उरकते. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांना बॅटिंग, तीन जण आउट झाले की पाळी संपली, चार बेस फिरून घरी आलात की एक रन. बस्स. बाकीचं बघता बघता कळतं, मलाही तसंच कळलं.

आता टीम. हिला सगळे 'एज' म्हणतात. टीम मूळची फिलाडेल्फियाची, मग कॅन्सस सिटीला गेली, आणि 1968 ला ओकलंडला आली. तिथे 57 सीझन. 1972, 73, 74 असं सलग तीनदा विजेतेपद, मग 1989 ला चौथं. त्या 89 च्या फायनलमध्ये तिसरी मॅच सुरू व्हायच्या तोंडावर इथे मोठा भूकंप झाला. गंमत म्हणजे समोरचा संघ खाडीपलीकडचा, सॅन फ्रॅन्सिस्कोचा. म्हणजे अख्खा बे एरिया, खाडीभोवतीचा हा सगळा भाग, टीव्हीसमोर बसलेला आणि जमीन हलली.

टीमचं चिन्ह हत्ती. खूप पूर्वी, 1902 साली, दुसऱ्या टीमच्या मॅनेजरनं चिडवलं होतं की तुम्ही पांढरा हत्ती पोसताय. यांनी तोच हत्ती अंगावर मिरवला. आपल्याकडेही पांढरा हत्ती म्हणजे तेच ना, नुसता खर्च! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ही टीम एकदम आपल्यातली वाटायला लागली.

माझी पहिली मॅच 3 ऑक्टोबर 2012, बुधवार दुपार. नवऱ्याच्या ऑफिसात कुणाकडे तरी दोन तिकिटं जास्त होती आणि मी अमेरिकेत नवीन, घरी बसून कंटाळलेली. सीझनचा शेवटचा दिवस, समोर टेक्सास रेंजर्स, जो जिंकेल त्याचा गट. मला यातलं काही माहीत नव्हतं. चौथ्या डावात टेक्सासच्या जॉश हॅमिल्टननं सेंटर फील्डला एक लोण्यासारखा कॅच सोडला, दोन रन आले, आणि शेजारच्या अनोळखी बाईनं मला कडकडून मिठी मारली. एज 12-5 जिंकले. मी डोंबिवलीची, गर्दीत अनोळखी माणसं अंगावर येणं मला नवं नाही, पण आनंदानं येतात हे नवं होतं.

त्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं होतं, "वरच्या मजल्यावर ताडपत्री का टाकलीय? गळतंय का?" हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता माझ्या डोक्यात जाणारी कमेंट. दर वेळी, अगदी न चुकता: "लोक मॅच बघायला यायचेच नाहीत, मग मालक काय करणार? टीम हलवणारच."

हे उलटं आहे. थांबा, सांगते.

समजा तुमच्या गल्लीत एक खानावळ आहे. चाळीस वर्षं तुम्ही तिथे जेवताय. एक दिवस मालक चांगले आचारी काढून टाकतो. आमटी पातळ. पोळी कालची. आणि मग ताटाचा दर दुप्पट. तुम्ही महिन्यातून एकदा जायला लागता. त्यावर मालक पाटी लावतो, "या गल्लीत खवय्ये उरले नाहीत, सबब आम्ही दुसरीकडे जात आहोत." आता सांगा, चूक कुणाची?

एजचं तंतोतंत हेच झालं. 2021 च्या सीझननंतर मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, क्रिस बॅसिट, शॉन मनाया, सगळे दुसऱ्या टीमना देऊन टाकले. जे बघायला पोरं हट्ट करायची तेच गेले. त्याच वेळी सीझन तिकिटांचे दर कित्येकांना दुपटीच्या आसपास गेले. 2022 ला टीम 102 मॅच हरली, 2023 ला 112. एका सीझनमध्ये 162 मॅच असतात, त्यातल्या 112! आणि हे बघायला माणसांनी पैसे भरून यावं ही अपेक्षा.

बरं, ती ताडपत्री. 2006 पासून सगळ्यात वरचा मजला टीमनं स्वतःच झाकून टाकला होता. तिकिटं विकायचीच नाहीत. जागा 34 हजारांवर आणल्या. म्हणजे आधी स्वस्तातली वरची बाक झाकायची आणि मग म्हणायचं स्टेडियम भरत नाही. 2017 ला बरीचशी ताडपत्री काढली, पण तोवर एका पिढीला हे स्टेडियम म्हणजे हिरव्या कापडाखालची खुर्ची असंच दिसलेलं.

इमारतीची दशा वाईट होती, ते मी नाकारत नाही. मैदान समुद्रसपाटीच्या खाली, खड्ड्यात बसवलेलं. 2013 ला सांडपाणी उलटं फिरून खेळाडूंच्या खोल्यांमध्ये आलं. मोकाट मांजरांची फौज होती. 2023 ला तर पाहुण्या टीमच्या समालोचन कक्षात पॉसम निघाला, दिसायला आपल्या घुशीचा चुलत भाऊ समजा, आणि समालोचकांना दुसरीकडे बसवावं लागलं. पूर्वी प्रेक्षकांच्या समोर ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या म्हणतात. नव्वदच्या दशकात अमेरिकन फुटबॉलवाल्या रेडर्स टीमला परत आणण्यासाठी तिथे बाकांचा एक प्रचंड डोंगर बांधला आणि टेकड्या गेल्या. लोकांनी त्याला रेडर्सच्या मालकाचं नाव दिलं, माउंट डेव्हिस. मग रेडर्सही 2020 ला लास व्हेगासला गेले. डोंगर इथेच.

(पाणी पिते.)

नवीन स्टेडियमसाठी स्थळं बघण्याचा कार्यक्रम तर किती वर्षं चालला! आमच्या फ्रीमाँटलाही येणार होते बरं का. 2006 ला घोषणा झाली आणि 2009 ला बोलणी फिसकटली. मग सॅन होजे, तिथे दुसऱ्या टीमचा हद्दीचा हक्क आडवा आला. मग ओकलंडमध्येच एका कॉलेजजवळ, मग बंदराजवळ. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये कळलं की मुलगा लास व्हेगासला जमवतोय.

आता तिसऱ्यांदा तेच सांगते, कारण तुम्ही पण तिसऱ्यांदा तेच विचारणार. 13 जून 2023, मंगळवार. प्रेक्षकांनी ठरवलं की उलटा बहिष्कार टाकायचा. बहिष्कार म्हणजे न जाणं. उलटा बहिष्कार म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी जाणं, म्हणजे 'लोक येत नाहीत' हे म्हणायला तोंड राहू नये. एरवी दहा हजारही नसायचे, त्या रात्री 27,759 आले. हिरवे टीशर्ट फुकट वाटले, त्यावर एकच शब्द: सेल. विका. संघ विका आणि आमची सुटका करा. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम ठरवून गप्प. एवढी माणसं आणि पिचरच्या चेंडूचा ग्लव्हजमधला फट्ट आवाज ऐकू येतोय. आणि मग एकदम, "सेल द टीम!" माझ्या अंगावर आत्ता बोलतानाही काटा आलाय, बघा. त्या सीझनची एवढी वाईट टीम, पण त्या रात्री जिंकली, 2-1.

दोन दिवसांनी नेव्हाडाच्या, म्हणजे लास व्हेगासच्या राज्याच्या, गव्हर्नरनी नव्या स्टेडियमला 38 कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा द्यायच्या कायद्यावर सही केली. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या तिसही टीमच्या मालकांनी एकमतानं हात वर केले. जॉन फिशर, एजचे मालक, टीम घेऊन जायला मोकळे.

एकानं विचारलंय, "टीमच्या नावात शहर असतं, मग शहर अडवू शकत नाही का?" नाही हो. शहराचं नाव म्हणजे दुकानाच्या पाटीवरच्या गावासारखं. 'कोल्हापुरी भेळ' ठाण्यातही मिळते, कोल्हापूरकर काय करणार? आपल्याकडे मुंबईची रणजी टीम कुणी उचलून इंदूरला नेऊ शकत नाही, कारण ती असोसिएशनची आहे. इथे टीम मालकाची. मालकांच्या क्लबनं हो म्हटलं की झालं.

चला, शेवटचा दिवस.

मॅच गुरुवारी दुपारी 12 वाजून 37 मिनिटांनी. हो, 37. पंचांगात मुहूर्त काढल्यासारखी वेळ. मी अर्धी रजा टाकली, ट्रेननं गेले. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत एक लांब पादचारी पूल आहे, दोन्ही बाजूंना जाळी. त्यावर नेहमी टीशर्ट विकणारे, पाणी विकणारे, खाली उतरलं की बेकन गुंडाळलेले हॉट डॉग आणि परतलेल्या कांद्याचा वास. त्या दिवशी पूल पुढेच सरकत नव्हता. कुणाला सरकवायचाही नव्हता. माणसं जाळीला हात लावून फोटो काढत होती. जाळीला!

पहिल्या पंचवीस हजार जणांना स्टेडियमची छोटी प्रतिकृती मिळणार होती. मी पोचले तोवर संपल्या. एक मिनिट शांतता पाळा.

माझ्याबरोबर आमच्या शेजारचे काका. इथलेच, ओकलंडमध्ये वाढलेले, आता सत्तरीला टेकलेत. पहिल्याच सीझनला वडिलांबरोबर आले होते. त्यांनी तो 'सेल' लिहिलेला टीशर्ट घातला होता, वर इस्त्री करून! मॅचआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकायला टीमचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट आले, दोघंही ओकलंडची पोरं. रिकी म्हणजे बेस चोरण्यातला देव, 1,406 बेस. पिचर चेंडू टाकायच्या नादात असताना पुढचा बेस पळून गाठायचा, त्याला चोरी म्हणतात. 1991 ला याच मैदानावर त्यानं सगळ्यांचा विक्रम मोडला आणि तिसरा बेस उपटून डोक्यावर धरला. मैदानालाही त्याचंच नाव. त्या दिवशी तो हसत होता, हात हलवत होता. तीन महिने व्हायच्या आत, 20 डिसेंबरला, तो गेला.

मॅच एज 3-2 जिंकले. समोर पुन्हा टेक्सास! 46,889 माणसं. शेवटच्या डावात एक-दोघं मैदानात घुसले, कुणीतरी धुराचा गोळा फेकला, पण जेवढी भीती घातली होती तेवढं काही झालं नाही. मॅनेजर मार्क कॉट्से माइक घेऊन मैदानात आले आणि म्हणाले, शेवटचं एकदा ओरडूया. "लेट्स गो ओकलंड!" काका ओरडले नाहीत. ते खुर्चीच्या हाताखाली बोट फिरवत होते. मी विचारलं, काय शोधताय? तिथे च्युइंग गम होता, वाळून दगड झालेला. म्हणाले, हा माझा नसेल, पण असूही शकतो.

मग माती. ग्राउंडची माणसं कठड्यापाशी येऊन लोकांच्या हातातल्या कपांमध्ये माती भरून देत होती. कुणाकडे पाण्याची बाटली, कुणाकडे झिपची पिशवी, एका पोराकडे नुसती टोपी. माझ्याकडे काय? दुपारच्या दहीभाताचा डबा, रिकामा. त्यात आणली. घरी आल्यावर बरणीत घातली. म्हणून नीट बघितलंत तर तळाशी एक मोहरीचा दाणा दिसेल. फोडणीतला. काढला नाही.

हो, एक राहिलं. "स्टेडियम पाडलं का?" अजून उभं आहे! टीम सध्या सॅक्रामेंटोच्या बाजूला एका छोट्या मैदानात खेळते, नावात शहरच नाही, नुसतं ॲथलेटिक्स. व्हेगासचं स्टेडियम 2028 ला व्हायचंय. आणि कोलिझियममध्ये, ऐका, 12 जून 2025 ला क्रिकेट झालं! मेजर लीग क्रिकेट या इथल्या टी-ट्वेंटी लीगच्या त्या सीझनची पहिली मॅच, सॅन फ्रॅन्सिस्को युनिकॉर्न्स विरुद्ध वॉशिंग्टन. फिन ॲलननं 51 चेंडूंत 151 केले, 19 षटकार. जिथून रिकी पळाला त्याच मैदानात.

मी काकांना घेऊन गेले. आधी त्यांना वाटलं, चेंडू मागे गेला म्हणजे फाउल. मी म्हटलं, इथे मागे मारलं तरी रन मिळतात. त्यांना हे भलतंच आवडलं, दर लेट कटला टाळ्या. दहाव्या की अकराव्या षटकाराला ते एकदम माझ्याकडे वळले.

"ही टीम कुणाची आहे?"

मी म्हटलं, मालक आहेत दोघं.

"त्यांचं दुसऱ्या कुठल्या शहरात घर आहे का?"

मी म्हटलं, काका, मॅच बघा.