एका पिक्सेलमागे नऊ फोटॉन

दीर्घिकेचा फोटो काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण केवढी लागेल? मी उलट विचारतो, तुमच्याकडे वेळ किती आहे? दुर्बिणीचा आकार महत्त्वाचा आहेच, पण हौशी निरीक्षकाच्या फोटोचा कस ठरतो तो त्याने एकाच दीर्घिकेला दिलेल्या तासांवर. हे आकड्यांनिशी दाखवायचा आज प्रयत्न करतो.

उदाहरण घेऊ एम ५१ चं, म्हणजे व्हर्लपूल दीर्घिकेचं. सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीची, त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर ती आहे. अंतर सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षं. आकाशातली लांबी चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम एक तृतीयांश. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १.८ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण तिच्यावर रोखली आणि तिचे सर्पिल बाहू कागदावर रेखाटले. दीर्घिकेला असा आकार असतो हे माणसाने तेव्हा प्रथम पाहिलं.

आज २० सेंटिमीटरच्या आरशाला कॅमेरा जोडून एखादा हौशी निरीक्षक रॉस यांच्या चित्राहून कितीतरी जास्त तपशील टिपतो. रॉस यांच्या आरशाचं क्षेत्रफळ या आरशाच्या ८१ पट होतं, तरीही. कारण डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात जे मिळालं ते पुढे पाठवून तो पुन्हा कोरा होतो. सेन्सर मात्र जमा करत राहतो. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी दीर्घिकेचं दीर्घ एक्स्पोजर घेतलं, तेव्हा तिची सर्पिल वळणं काचेच्या प्लेटवर उमटली. दुर्बिणीतून तिच्याकडे पाहणाऱ्या इतक्या डोळ्यांना ही वळणं तोवर दिसली नव्हती.

आता हिशेब. २० सेंटिमीटरचा आरसा, ८०० मिलिमीटर नाभीय अंतर, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल. अशा जोडणीत एक पिक्सेल आकाशाचा साधारण एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) एवढा भाग पाहतो. एम ५१ च्या बाहूंचा बाहेरचा फिकट भाग घ्या, दर वर्गविकलेला २४ प्रतीचा. (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश फिकट.) दुर्बिणीतली गळती धरून, तिथून एका पिक्सेलवर सुमारे २० सेकंदांत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, येतो. तीन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये नऊ. त्याच वेळात अत्यंत काळोख्या जागेचं आकाशसुद्धा त्या पिक्सेलवर ५७ फोटॉन टाकतं. एकूण ६६. फोटॉन एकसारख्या अंतराने येत नाहीत, त्यामुळे या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे आठाचा, चढउतार आपोआप असतो. दीर्घिकेचे नऊ आणि गोंधळाचे आठ! एका फ्रेमवर डोळे ताणून काही हाती लागत नाही ते यामुळे.

अशा २०० फ्रेम घ्या, दहा तासांच्या, आणि एकावर एक रचून त्यांची बेरीज करा. दीर्घिकेचे फोटॉन २०० पट होतात, चढउतार मात्र १४ पटच वाढतो. आता १८०० फोटॉनांसमोर ११५ चा गोंधळ उरतो आणि बाहू स्पष्ट उभा राहतो. स्टॅकिंग म्हणतात ते हेच. त्यात सॉफ्टवेअरची जादू काही नाही, वर्गमूळ आहे. आणि वर्गमुळाचा नियम कठोर आहे: फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो.

हाच हिशेब शहरात कसा होतो तेही पाहा. शहराचं आकाश दर वर्गविकलेला १८ प्रतीचं असलं, तर काळोख्या जागेच्या २२ प्रतीच्या आकाशापेक्षा ते चाळीस पट उजळ झालं. दीर्घिकेचे नऊ फोटॉन तेवढेच. पण त्यांना आता सुमारे २३०० फोटॉनांतून वेगळं काढायचं. काळोख्या जागेतल्या एका तासाचं काम शहरात सुमारे पस्तीस तास मागतं. तेजोमेघांच्या बाबतीत शहरवासीयांना अरुंद पट्ट्याच्या फिल्टरची मदत होते, कारण त्यांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींतच असतो. दीर्घिकेचा प्रकाश हा अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. आकाशाचा उजेड अडवायला जाल तर तीही अडते. म्हणून मी नेहमी सांगतो, की मोठ्या दुर्बिणीचा विचार करण्याआधी काळोख्या जागेचा करा, आणि अमावस्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवा.

वेळ द्यायचा तर दुर्बीण तितका वेळ एकाच जागी रोखलेली हवी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे आपल्या जोडणीत पंधरा पिक्सेल. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बिणीला पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरवणारं आसन, ही गती उलटवतं, पण त्याच्या दातेरी चक्रांतल्या दोषाने तारा दर काही मिनिटांनी मागेपुढे झुलतो. त्यासाठी दुसरा छोटा कॅमेरा जवळच्या एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि दर एक-दोन सेकंदांनी माउंटला सावरतो. याला गायडिंग म्हणतात. पैसे मर्यादित असतील तर ते आधी माउंटमध्ये घाला, दुर्बिणीत नंतर. हे माझं ठाम मत आहे. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखून भागत नाही, कारण तो तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला आहे. फोकस रात्रीतून अनेकदा तपासा, तापमान उतरतं तशी नळी आकसते. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या) फ्रेम न चुकता घ्या. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण चार-पाच पिक्सेल इकडेतिकडे हलवली, तर सेन्सरचे स्वतःचे डाग एकावर एक साचत नाहीत.

मग येते संगणकावरची प्रक्रिया. इथे मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट बोलतो. कच्चा फोटो जवळजवळ काळा दिसतो. त्यातल्या फिकट छटा वर उचलाव्याच लागतात. गाभ्यातल्या जुन्या ताऱ्यांचा पिवळेपणा, बाहूंतल्या तरुण ताऱ्यांची निळाई, हायड्रोजनचे गुलाबी ठिपके हे सगळं खरं आहे, आणि ते दिसावं म्हणून रंगांचा समतोल साधणं हे प्रामाणिक काम आहे. पण शिकवलेल्या नमुन्यांवरून तपशील भरणारं सॉफ्टवेअर वापरलं, तर धुळीचा एखादा पट्टा तुमच्या आरशावर कधी आलाच नसेल आणि तरी फोटोत दिसेल. फोटोतल्या प्रत्येक रेषेबद्दल विचारावं: हिचे फोटॉन माझ्याकडे आहेत का? सगळ्या रात्रींच्या फ्रेम अर्ध्या-अर्ध्या वाटून दोन स्टॅक बनवा. जे दोन्हींत दिसतं त्यावर विश्वास ठेवता येतो.

हा प्रामाणिकपणा केवळ स्वतःच्या समाधानापुरता नाही. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणींवर रात्र मागून मिळते, तीही मोजकी. हौशी माणूस एकाच जागेकडे पाहिजे तितका काळ पाहू शकतो. देवयानी ही सर्वात जास्त फोटो निघालेल्या दीर्घिकांपैकी एक. तरी तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाचा दीड अंश लांबीचा कंस आहे, हे २०२२ साली हौशी छायाचित्रकारांच्या फोटोंत पहिल्यांदा उमटलं. भिंग जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटरचं होतं. एक्स्पोजर १०० तासांहून जास्त. तो कंस देवयानीचा की आपल्याच आकाशगंगेतला, यावर अभ्यासक अजून बोलत आहेत.

आणखी एक उदाहरण मला फार प्रिय आहे. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बूसो हे हौशी निरीक्षक नवा कॅमेरा तपासत होते. ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून ते एनजीसी ६१३ या सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेच्या छोट्या एक्स्पोजरच्या फ्रेम घेत होते. फ्रेम लगेच उघडून पाहताना त्यांना बाहूच्या टोकाशी एक ठिपका दिसला. आधीच्या फ्रेममध्ये तो नव्हता, आणि तो उजळत चालला होता. ताऱ्याच्या स्फोटाचा धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर पडतानाचा पहिला प्रकाश त्यांच्या सेन्सरवर पडत होता. तो केव्हा आणि कुठे चमकेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे ठरवून टिपणं जवळपास अशक्य. बूसो यांच्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर’मध्ये आला.

तेव्हा फ्रेम त्याच रात्री उघडून पाहत जा. नवा ठिपका दिसला तर आधी जुन्या फोटोंशी ताडा, तासाभराने तो सरकलाय का ते पाहा. सरकला असेल तर तो लघुग्रह. जागचा हलला नाही, तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर कोणालाही नोंदवता येतो. आणि कच्च्या फ्रेम पुसू नका, त्यांच्यावरची वेळ अचूक असू द्या. मे २०२३ मध्ये जपानचे कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा, सापडला, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या आधीच्या रात्रींच्या फ्रेम धुंडाळल्या. तारा नेमका केव्हा फुटला हे ठरवताना त्यांचा उपयोग झाला, आणि ज्या फ्रेममध्ये त्या जागी काहीच नव्हतं त्यांचाही.