टाउंगचं मूल

(दृश्य : 1920 च्या दशकातलं जोहान्सबर्ग. जुनी छायाचित्रं. मग एका बंगल्याचं दार आणि दारात दोन लाकडी खोकी.)

जोहान्सबर्ग. 1924 साल सरत आलंय. रेमंड डार्ट यांच्या घरी लग्नाची गडबड आहे. लग्न त्यांचं नाही, मित्राचं. पण लागणार आहे यांच्याच घरी आणि नवरदेवाशेजारी उभं राहायचंय डार्टना. म्हणजे आपल्या भाषेत, करवला.

कडक कॉलरशी त्यांची झटापट चालू असतानाच दारात दोन खोकी येऊन पडतात. शहाण्या माणसानं अक्षता पडेपर्यंत तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. डार्टनी कॉलर उपटून काढली आणि पाहुणे यायच्या आत खोकी फोडायला घेतली. ही हकिकत पुढे त्यांनीच सांगितलेली आहे, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चाला.

पहिल्या खोक्यात विशेष काही नव्हतं. दुसरं उघडलं, तर अगदी वरच एक दगड होता. मेंदूच्या आकाराचा.

(दृश्य : दगडी मेंदूचा साचा, हळूहळू फिरणारा. एका बाजूला स्फटिकांची चकाकी.)

मेंदू कुजतो, उरत नाही. मग हा दगड कुठून आला? कवटी गुहेत पडून राहते, चुन्याचं पाणी आणि बारीक गाळ आत झिरपतो, साठतो, घट्ट होतो. पुढे कवटीचं हाड फुटून गेलं तरी आतला ओतीव गोळा राहतो. त्यावर मेंदूच्या वळ्या, रक्तवाहिन्यांच्या खुणा उमटलेल्या असतात. या गोळ्याची एक बाजू तशी रेखीव होती. दुसऱ्या बाजूला नुसते कॅल्साइटचे स्फटिक.

दुसऱ्या कुणी हा दगड कदाचित बाजूला ठेवला असता. डार्टचा विषयच मेंदू. ऑस्ट्रेलियात जन्मलेले, लंडनमध्ये ग्राफ्टन एलियट स्मिथ या मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली तयार झालेले. 1923 मध्ये ते विटवॉटर्सरँड विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा विभागात धड सांगाडेही नव्हते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांनाच हाडं गोळा करायला लावलं. जोसेफिन साल्मन्स या विद्यार्थिनीला एका ओळखीच्या घरात शेकोटीवरच्या फळीवर शोभेला ठेवलेली बबून माकडाची जीवाश्म कवटी दिसली. ती आली होती टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून. डार्टनी लगेच भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट यंग यांच्यामार्फत खाणीत निरोप धाडला, की सुरुंग उडवल्यावर असं काही निघालं तर फेकू नका, पाठवा. त्याच निरोपाची ही खोकी.

टाउंग म्हणजे, त्स्वाना भाषेत, सिंहाची जागा.

मेंदू माकडाचा म्हणावा तर मोठा, माणसाचा म्हणावा तर फारच लहान. हा गोळा ज्यात बसत होता तो पोकळ दगडही डार्टना खोक्यात सापडला. म्हणजे चेहरा त्या दगडाच्या आत होता. तो सोडवायला हत्यारं कुठली? हातोडी, छिन्नी आणि बायकोच्या विणकामाच्या सुया, टोकं घासून धारदार केलेल्या. 23 डिसेंबरला दगड दुभंगला आणि समोरून एक चेहरा बाहेर आला.

(दृश्य : टाउंगची कवटी, समोरून. काही क्षण शांतता.)

लहान मुलाचा चेहरा. दुधाचे सगळे दात जागेवर आणि मागे पहिली कायमची दाढ नुकती वर येणारी.

आपल्या मुलांना ती दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, म्हणून डार्टनी हे मूल सहा वर्षांचं धरलं. पुढे दाताच्या लुकणावर, म्हणजे वरच्या कठीण थरावर, वाढीच्या ज्या बारीक रेषा पडतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या गेल्या आणि लक्षात आलं, की ही मुलं आपल्या मुलांपेक्षा लवकर मोठी होत. टाउंगचं मूल तीन-चार वर्षांचंच होतं. आजच्या हिशेबानं ते जगलं त्याला सुमारे 28 लाख वर्षं झाली. मेंदू जेमतेम 400 घनसेंटिमीटरचा. आपला सरासरी 1350.

मग यात माणसाचं काय होतं? सुळे. वानराचे सुळे बाहेर येतात, याचे बाकीच्या दातांच्या रांगेत बसलेले. आणि त्याहून महत्त्वाचं, एक भोक.

(दृश्य : चिंपांझी आणि माणूस यांच्या कवट्या, खालून. तळाच्या छिद्रावर वर्तुळ.)

कवटीच्या तळाशी एक मोठं छिद्र असतं. मज्जारज्जू तिथून खाली उतरतो, म्हणजे मान जोडली जाते ती तिथे. चार पायांवर चालणाऱ्याचं डोकं कण्याच्या पुढे लटकतं, म्हणून त्याचं छिद्र मागच्या बाजूला. दोन पायांवर चालणाऱ्याचं डोकं कण्याच्या माथ्यावर तोललेलं. पाणी भरून येणाऱ्या बाईच्या डोक्यावरची घागर आठवा. ती पुढे-मागे सरकून चालत नाही. टाउंगच्या मुलाचं छिद्र वानरांपेक्षा बरंच पुढे होतं. त्यावरून डार्टनी ताडलं, की हे मूल ताठ चालत होतं. पायाचं एकही हाड हातात नसताना.

7 फेब्रुवारी 1925 ला ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांचा लेख आला. प्राण्याला नाव दिलं ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकॅनस, आफ्रिकेतलं दक्षिणी वानर. पुढच्याच अंकात, 14 फेब्रुवारीला, इंग्लंडच्या चार मातब्बर शास्त्रज्ञांची मतं छापून आली. त्यांत त्यांचे गुरू एलियट स्मिथही होते. सूर एकंदरीत थंडच. सर आर्थर कीथ म्हणाले, हा गोरिला-चिंपांझीच्या गटातला प्राणी. अर्ध लॅटिन, अर्ध ग्रीक नाव ठेवलं म्हणूनही डार्टना बोलणी बसली. एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार होता. वानराचं पिल्लू दिसतंच माणसासारखं, गोल कपाळाचं, सपाट तोंडाचं. मोठं झाल्यावर ते कसं दिसलं असतं ते दाखवा!

ते दाखवायला डार्टकडे काही नव्हतं. पण पंचाईत तेवढीच नव्हती. इंग्लंडच्या पंडितांकडे त्यांचा स्वतःचा लाडका पूर्वज आधीच होता.

(दृश्य : पिल्टडाउन कवटीची प्रतिकृती.)

1912 मध्ये ससेक्समधल्या पिल्टडाउन इथे चार्ल्स डॉसन यांनी हा ‘शोध’ लावला होता. कवटी माणसाची, ऐसपैस. जबडा वानरासारखा. यावरून सगळ्यांना हवा तोच निष्कर्ष निघत होता, की आधी बुद्धी वाढली, बाकीचं नंतर आलं, आणि तेही इंग्लंडात! टाउंगचं मूल नेमकं उलट सांगत होतं. चाल आधी, मेंदू खूप नंतर. आणि ते आफ्रिकेतून. आफ्रिकेकडे बोट डार्विननी 1871 मध्येच दाखवलं होतं, पण बहुतेकांचे डोळे आशियाकडे लागलेले.

आशियाची ओढ आपल्यालाही होती, हे इथे कबूल करायला हवं. 1932 मध्ये शिवालिकच्या टेकड्यांत जबड्याचा एक तुकडा सापडला आणि रामपिथेकस माणसाचा पूर्वज म्हणून कित्येक पिढ्यांनी पाठ केला. 1980 च्या सुमारास अधिक चांगले अवशेष मिळाले, तेव्हा तो ओरांगउटानच्या नातेवाइकांत जाऊन बसला. पाठ्यपुस्तकं बदलायला अर्थातच आणखी वेळ लागला.

1931 मध्ये डार्ट कवटी घेऊन लंडनला गेले. मुहूर्तच वाईट. 1929 मध्ये पेकिंगजवळ झोउकोउदियन इथे ‘पेकिंग मानवा’च्या कवटीचा जवळजवळ अखंड माथा मिळाला होता आणि सभागृहं त्याच्याबद्दलच बोलत होती. त्यात एका संध्याकाळी डार्टच्या पत्नी टाउंगच्या मुलाचा डबा टॅक्सीत विसरल्या. 28 लाख वर्षं टिकलेलं पोर लंडनच्या रस्त्यांवर फेऱ्या मारत राहिलं. शेवटी चालकानं डबा पोलिसांत नेऊन दिला. डार्ट घरी परतले आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी या विषयातून अंग काढून घेतलं.

मुलाची बाजू लढवली ती दुसऱ्याच माणसानं. रॉबर्ट ब्रूम, स्कॉटिश डॉक्टर, खाणीतसुद्धा काळा सूट आणि कडक कॉलर घालून उतरणारे. डार्टचा लेख आल्यावर थोड्याच दिवसांत ते प्रयोगशाळेत थडकले आणि कुणाशी काही न बोलता कवटीपुढे गुडघे टेकून बसले. पूर्वजाला वंदन म्हणून! 1936 मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, स्टर्कफोंटेनच्या चुनखडीत त्यांना प्रौढ ऑस्ट्रेलोपिथेकस मिळाला. 1947 मध्ये तिथेच एक जवळजवळ अखंड कवटी मिळाली, जी ‘मिसेस प्लेस’ म्हणून गाजली, आणि कटीची हाडंही. कटी पसरट, भांड्यासारखी. चालणाऱ्याची. पिल्लू मोठं होऊन कसं दिसलं असतं, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

त्याच वर्षी कीथनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून मान्य केलं, की डार्ट बरोबर होते आणि मी चुकलो. वयाच्या ऐंशीनंतर असं छापील लिहायला धमक लागते. पिल्टडाउनचं बिंग फुटायला मात्र 1953 उजाडलं. जबडा ओरांगउटानचा निघाला. दात कानशीनं घासलेले, हाडं रंगवलेली.

(दृश्य : इथिओपिया, हदार. मग लाएतोलीची पाउलं.)

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. 1974 मध्ये इथिओपियात हदारला 32 लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला, ल्यूसी. टांझानियात लाएतोली इथे ज्वालामुखीच्या राखेत 36 लाख वर्षांपूर्वी उमटलेली पावलं मेरी लीकी यांच्या चमूनं उघडी केली. छोट्या मेंदूचे, ताठ चालणारे. डार्टनी एका भोकावरून जे ताडलं, ते आता जमिनीवरच उमटलेलं होतं.

डार्टची गोष्ट इथे संपवली तर ती फार गुळगुळीत होईल. कारण पुढे चुकले ते डार्ट. माकापान्सगाटच्या गुहेत त्यांना जनावरांच्या हाडांचे ढीग मिळाले, काही काळवंडलेले. त्यांनी ठरवलं, की या वानरमानवाला विस्तव ठाऊक होता. ग्रीक कथेत विस्तव चोरणाऱ्या प्रोमिथियसचं नावही त्याला देऊन टाकलं. हाडं, शिंगं, जबडे ही त्याची शस्त्रं आणि तो जन्मजात खुनी, असं चित्र त्यांनी रंगवलं. काळा रंग विस्तवाचा नव्हता, मँगनीजचा होता. आणि शस्त्रांचं काय? बॉब ब्रेन या संशोधकानं (आडनाव खरंच ब्रेन) बिबटे, तरस आणि साळिंदर हाडांचं काय करतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. स्वार्टक्रान्सला सापडलेल्या एका कोवळ्या कवटीला मागे दोन भोकं होती. बिबट्याच्या जबड्याचे दोन सुळे त्यांत नेमके बसले. आपला पूर्वज शिकारी कसला, शिकार होता.

(दृश्य : पुन्हा टाउंगची कवटी. अगदी जवळून, डोळ्यांच्या खोबण्या.)

आणि टाउंगचं मूल? त्याच्या अंगाचं दुसरं हाड खाणीतून आलं नाही. फक्त चेहरा, जबडा आणि दगड झालेला मेंदू. सोबत निघालेल्या बबूनच्या कवट्याही बहुतेक लहानखुऱ्या प्राण्यांच्या. 1995 मध्ये ली बर्गर आणि रॉन क्लार्क यांनी मांडलं, की हे काम बिबट्याचं नव्हे, मोठ्या गरुडाचं. अनेकांना हसू आलं. एवढं मूल गरुड कसं नेईल?

मग आयव्हरी कोस्टच्या जंगलात, माकडं मारणाऱ्या तुरेवाल्या गरुडांच्या घरट्यांखाली पडलेली हाडं अभ्यासली गेली. माकडांच्या डोळ्यांच्या खोबणीत, तळाशी, बारीक भोकं आणि ओरखडे होते. गरुड नखांनी आणि चोचीनं डोळे काढतो, त्याच्या त्या खुणा. 2006 मध्ये बर्गरनी टाउंगची कवटी पुन्हा हातात घेतली आणि त्याच जागी पाहिलं.

तिथे तीच भोकं होती, तेच ओरखडे. 80 वर्षांत ही कवटी जगातल्या किती तज्ज्ञांनी हाताळली होती. आणि सगळ्यांच्या आधी, विणकामाच्या सुईनं कण कण खडक टोकरताना, याच खोबण्या डार्टनी स्वतः मोकळ्या केल्या होत्या.

(दृश्य : खोबणीच्या तळाशी एक बारीक भोक. पडदा हळूहळू काळा.)