एका कवीसाठी एक भाषा : ओल्गा सेदाकोवा

[दृश्य : जुना टाइपरायटर, पातळ कागदांची चळत]

सत्तरच्या दशकातल्या मॉस्कोत कविता अशा फिरायच्या. टाइपरायटरमध्ये चार-पाच पातळ कागद, मध्ये कार्बन. वरची प्रत ठळक उमटायची, तळाची इतकी पुसट की दिव्यासमोर धरून वाचावी लागे. ज्याच्या हाती प्रत पडे, तो तिची नक्कल करून पुढच्याला देई. रशियन लोक याला ‘समिझदात’ म्हणत, म्हणजे आपलं आपणच काढलेलं प्रकाशन. रशियन कवयित्री ओल्गा सेदाकोवा यांची कविता वाचकांपर्यंत पोचली ती अशा कागदांवरून. चाळिशी गाठेपर्यंत त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांचं एकही पुस्तक निघालं नव्हतं.

सरकारविरुद्ध घोषणा देणारी ही कविता नव्हे. तिच्यात बायबल होतं, इटालियन महाकवी दान्ते होता, खेड्यातली अंत्यविधीची गाणी होती, आणि छापणाऱ्यांच्या लेखी ती फार अवघड, फार धार्मिक, फार पुस्तकी होती. कविता न छापायला तेवढं कारण त्या काळात पुरे होई.

[दृश्य : बीजिंग, पन्नाशीच्या दशकातली छायाचित्रं]

जन्म २६ डिसेंबर १९४९, मॉस्को. वडील लष्करी इंजिनिअर. त्यांच्या कामामुळे कुटुंब काही काळ बीजिंगला राहिलं आणि छोट्या ओल्गाची शाळा तिथेच सुरू झाली. कितीतरी वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यांनी ‘चीनचा प्रवास’ ही कवितामाला लिहिली. तिच्या आरंभी प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ त्सचं वचन आहे.

मॉस्कोत पियानो शिकवायला मिखाईल येरोखिन होते. या गुरूंनी सुरांबरोबर चित्रकला दिली, आणि जर्मनमध्ये लिहिणारा कवी रिल्केही दिला. पुढे या मुलीने जे केलं ते मला तिच्या साऱ्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. रिल्के त्याच्याच शब्दांत वाचायचा म्हणून ती जर्मन शिकली. दान्ते वाचायचा म्हणून इटालियन. देशाबाहेर जायची वाट बंद असलेल्या काळात, ज्या गावी कधी पाऊल पडेल याची खात्री नाही, त्या गावची भाषा एका कवीच्या ओढीने शिकायची!

१९७३ मध्ये मॉस्को विद्यापीठातून भाषा-साहित्याची पदवी. १९८३ मध्ये प्रबंध, विषय स्लाव लोकांचे अंत्यसंस्कार. माणूस गेल्यावर घरात काय करतात, काय बोलतात, कोणत्या शब्दांनी त्याला निरोप देतात, याचा तो अभ्यास. ‘जुनी गाणी’ या त्यांच्या कविता याच सुमाराच्या. आजीच्या तोंडी शोभाव्यात इतक्या साध्या, आखूड ओळींच्या. ज्यांना सेदाकोवा अवघड वाटतात, त्यांनी इथून सुरुवात करावी.

पोटासाठी नोकरी होती समाजशास्त्रांच्या माहिती संस्थेत. परदेशी ग्रंथ वाचायचे आणि त्यांचे सारांश लिहायचे. १९८६ मध्ये पहिलं पुस्तक आलं, तेही पॅरिसमध्ये: ‘दारं, खिडक्या, कमानी’. मॉस्कोत पुस्तक निघायला १९९० उजाडलं. त्यानंतर विद्यापीठात अध्यापन, २००३ मध्ये सोल्झेनित्सिन पुरस्कार, २०१० मध्ये चार खंडांत समग्र लेखन. त्यातला एक अख्खा खंड अनुवादांचा: रिल्के, त्सेलान, क्लोदेल, एलियट.

[दृश्य : पहाट, समुद्र, निळं होत जाणारं आकाश]

आता दान्तेकडे येऊ. रशियन वाचकाकडे त्याचं महाकाव्य ‘डिव्हाइन कॉमेडी’ होतंच. मिखाईल लोझिन्स्की यांनी ती मुळातल्या तीन-तीन ओळींच्या गुंफलेल्या यमकांसकट रशियनमध्ये आणली आणि महायुद्धाच्या वर्षांत पुरी केली. फार मोठं काम. पण यमक सांभाळायचं तर शब्द इकडचा तिकडे होणारच. विशेषण बदलतं, एखादी प्रतिमा विरघळते. ‘दान्तेचा अनुवाद करताना’ या २०२० च्या पुस्तकात सेदाकोवांनी उलट बाजू धरली. निवडली फक्त तीन सर्गं. यमक सोडून दिलं. ओळीला ओळ, शब्दाला शब्द, आणि सोबत सविस्तर भाष्य. स्वतः इतकी नादवेडी कवयित्री नाद बाजूला ठेवते, कारण दान्तेने नेमकं काय म्हटलं ते वाचकाला दिसावं. ‘शुद्धिलोक’ या काव्याच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या सर्गात नरकातून वर आलेल्या दान्तेला आकाश दिसतं: पूर्वेकडच्या नीलमण्याचा गोड रंग. रंग, आणि गोड! यमकासाठी हा ‘गोड’ गेला, तर नरकाच्या अंधारानंतर डोळ्यांना काय मिळालं तेच गेलं.

[दृश्य : मेणबत्त्या, जुनी हस्तलिखितं]

याच दृष्टीने त्या घरच्या भाषेकडेही वळल्या. रशियन चर्चमध्ये उपासना चालते जुन्या चर्च स्लाव्होनिकमध्ये. आजच्या रशियनला ती ओळखीची वाटते, आणि फसगत तिथेच होते. आपल्याला हे सांगायला नको; संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे विद्या आणि मराठीत दंड. तिकडे ‘झिवोत’ म्हणजे जुन्या भाषेत जीवन, आजच्या रशियनमध्ये पोट. ‘पझोर’ म्हणजे पूर्वी दृश्य, आता लाज. अशा दिसायला सारख्या, अर्थाने दूर गेलेल्या शब्दांचा कोश सेदाकोवांनी वर्षानुवर्षं जमवला. २००५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

त्यातला एक शब्द ‘तीखी’. आजचा अर्थ शांत, हळू. संध्याकाळच्या उपासनेत एक प्राचीन स्तोत्र म्हणतात, ‘स्वेते तीखी’, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मंद प्रकाश. पण मूळ ग्रीक स्तोत्रात तिथे शब्द आहे ‘हिलारोन’. म्हणजे आनंदी, प्रसन्न.

[दृश्य : सांजवेळ, चर्चच्या खिडकीतून येणारं ऊन. स्तोत्राचे सूर.]