ज्यानं दिलं त्यालाच परत घेता येतं: ब्रिटिश संसद आणि युरोपचा कायदा

(कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचं शहर आहे. तिथल्या बाजारात स्टीव्ह थोबर्न फळं-भाजी विकायचा. गिऱ्हाईक पौंडात मागायचं आणि तो पौंडात तोलून द्यायचा. जुलै २००० मध्ये त्याचे काटे जप्त झाले, कारण ते किलोग्रॅम दाखवत नव्हते. मग खटला उभा राहिला आणि २००१ मध्ये तो दोषी ठरला. पौंडात केळी विकली, एवढाच त्याचा गुन्हा होता. आपल्याकडेही मेट्रिक वजनं येऊन साठ वर्षं उलटली, तरी मंडईत आपण 'पावशेर मिरच्या द्या' म्हणतो आणि भाजीवाली मुकाट्यानं पाव किलोचं माप टाकते. जुनी मापं तोंडात किती खोल रुजलेली असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. थोबर्नच्या गिऱ्हाइकांना वाटलं की हे परक्यांनी, ब्रुसेल्सनं, म्हणजे तिथून कारभार चालवणाऱ्या युरोपीय संघानं, आपल्यावर लादलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रिटिश संसदेचं सार्वभौमत्व युरोपनं हिरावून घेतलं, हे मला मान्य नाही. संसदेनं ते स्वतःच्या हातानं, रीतसर कायदा करून, वापरायला दिलं होतं. पण आपण काय देतोय हे लोकांना नीट सांगितलं गेलं नाही, ही तक्रार मात्र सोळा आणे खरी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, समजत नाही.

ब्रिटनला आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही. डायसी या घटनातज्ज्ञानं १८८५ मध्ये तिथला मूळ नियम मांडला: संसद कोणताही कायदा करू शकते, कोणताही रद्द करू शकते आणि तिचा कायदा बाजूला सारण्याचा अधिकार कुणालाही नाही. आजची संसद उद्याच्या संसदेचे हात बांधू शकत नाही, हे त्यातूनच आलं. जुना आणि नवा कायदा एकमेकांच्या आड आले, तर नवा चालतो.

आता दुसरी बाजू पाहा. मिलानमधल्या कोस्टा नावाच्या वकिलानं विजेचं बिल भरायला नकार दिला. बिल दोन हजार लिऱ्यांच्याही आतलं होतं. त्याचा राग होता वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणावर. एवढ्याशा बिलाचा वाद लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोहोचला. १९६४ मध्ये त्या न्यायालयानं सांगून टाकलं की सदस्य देशाचा कायदा आणि युरोपीय समुदायाचा (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावताराचा) कायदा यांत विरोध आला तर समुदायाचा कायदा वरचढ, मग देशाचा कायदा नंतरचा का असेना.

तारखेकडे लक्ष द्या. १९६४. ब्रिटन समुदायात गेलं १ जानेवारी १९७३ ला. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधी आठ वर्षांहून जास्त काळ घराचे नियम दारावर लिहिलेले होते. संसदेनं १९७२ मध्ये कायदा केला आणि त्याच्या कलम २ मध्ये युरोपीय कायद्याला ब्रिटनमध्ये थेट वाट करून दिली. १९७४ मध्ये न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर एक खटला आला. सफरचंदाच्या मद्याला 'शॅम्पेन' म्हणता येईल का, हा वाद होता. डेनिंग यांनी युरोपीय कराराला भरतीच्या पाण्याची उपमा दिली: ते खाड्यांत शिरतं, नद्यांतून वर चढतं आणि थोपवता येत नाही. कोकणातल्या माणसाला ही उपमा फोड करून सांगावी लागणार नाही.

न्यायाधीशांना जे दिसत होतं ते मतदाराला सांगितलं गेलं का? समुदायात राहायचं का, यावरच्या १९७५ च्या सार्वमताआधी सरकारनं घरोघरी पत्रक पाठवलं. ब्रिटिश मंत्र्याच्या संमतीशिवाय कोणतंही महत्त्वाचं नवं धोरण ठरणार नाही, असा त्याचा दिलासा होता. तेव्हाच्या नकाराधिकाराच्या दृष्टीनं ते चूक नव्हतं. पण न्यायालयात कुणाचा कायदा वरचढ राहील, हा प्रश्न सामान्य मतदारापर्यंत पोहोचलाच नाही. ६७ टक्के लोकांनी 'राहू या' म्हटलं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कटुतेचं बी इथं पडलं.

ते उगवलं समुद्रात. युरोपच्या सामायिक मासेमारी धोरणात कोणत्या देशानं किती मासे पकडायचे याचे कोटे ठरलेले असतात. स्पॅनिश मालकांनी आपल्या नौका ब्रिटनमध्ये नोंदवल्या आणि ब्रिटनच्या कोट्यातले मासे पकडायला सुरुवात केली. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचा कोळी धक्क्यावर उभा राहून हे पाहत होता. नौकेवर झेंडा ब्रिटनचा, मालक स्पेनचा, आणि वजावट मात्र त्याच्या वाट्यातून. त्याचा संताप मला खोटा वाटत नाही. संसदेनं १९८८ मध्ये त्याच्या बाजूनं कायदा केला: नौका ब्रिटिश म्हणून नोंदवायची तर मालकीही मुख्यतः ब्रिटिश हवी. त्यानं ९५ नौका अडकल्या. त्यांचे मालक न्यायालयात गेले. हाच तो 'फॅक्टरटेम' खटला.

हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर (तेव्हा ब्रिटनचं सर्वात वरचं न्यायालय तेच होतं) प्रश्न आला की निकाल लागेपर्यंत संसदेच्या कायद्याला तात्पुरती स्थगिती देता येईल का. आमच्या कायद्यात तसा अधिकार नाही, असं लॉर्ड्सनी म्हटलं आणि लक्झेंबर्गला विचारलं. जून १९९० मध्ये उत्तर आलं: युरोपीय हक्काच्या आड फक्त देशातला नियमच येत असेल, तर तो नियम बाजूला ठेवा. लॉर्ड्सनी स्थगिती दिली. संसदेनं केलेला कायदा न्यायालयानं रोखून धरला, असं तिथं कधी घडलं नव्हतं. वर्तमानपत्रांत गहजब झाला. त्यावर त्यांच्यातलेच एक न्यायाधीश लॉर्ड ब्रिज यांनी जे लिहिलं ते मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला सांगतो. त्यांचं म्हणणं असं की, १९७२ चा कायदा करताना संसदेनं आपल्या सार्वभौमत्वावर जी काही मर्यादा स्वीकारली, ती सर्वस्वी स्वेच्छेनं स्वीकारली.

आता पुन्हा संडरलंडला येऊ. थोबर्नच्या वकिलांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. १९८५ चा वजनमापांचा कायदा पौंडाला परवानगी देतो. तो १९७२ नंतरचा आहे. म्हणजे त्या विषयापुरता १९७२ चा कायदा आपोआप मागे पडला. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यायमूर्ती लॉज यांनी हे फेटाळलं. काही कायदे 'घटनात्मक' दर्जाचे असतात, १९७२ चा त्यातला एक, आणि ते नकळत रद्द होत नाहीत, असं ते म्हणाले. रद्द करायचे तर संसदेनं स्पष्ट शब्दांत करावे लागतात. थोबर्न हरला. २००४ मध्ये, चाळिशीच्या आतच तो वारला. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. युरोपीय कायद्याला हे वरचं स्थान लक्झेंबर्ग देत नाही, इंग्लंडचा स्वतःचा कायदा देतो, असं लॉज यांनी बजावलं. म्हणजे किल्ली लंडनलाच होती.

भारतीय वकिलाला इथं १९७३ चा केशवानंद भारती खटला आठवतोच. ब्रिटन युरोपात शिरलं त्याच वर्षी आपल्या तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी संसदेला सांगितलं की घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. आपल्या संसदेवर अशी कुंपणं आहेत. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेला, तसं कुंपण नाही, तिनं स्वतः घातलेलं सोडून.

ते तिनं काढलंही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटलं. सरकार स्वतःच्या अधिकारात बाहेर पडण्याची नोटीस द्यायला निघालं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी ते अडवलं: संसदेनं दिलेले हक्क जाणार असतील तर संसदेनंच कायदा करावा. त्याआधी हाच निकाल देणाऱ्या खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशांना एका वर्तमानपत्रानं 'जनतेचे शत्रू' म्हटलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. संसदेच्या सार्वभौमत्वाची राखण तर तेच करत होते. मग संसदेनं कायदा केला, ब्रिटन बाहेर पडलं, आणि पुढे २०२३ च्या कायद्यानं त्या वर्षाअखेर ब्रिटनमध्ये उरलेल्या युरोपीय नियमांचं वरचढपणही संपवलं.

उत्तर आयर्लंडचं मात्र वेगळं आहे. आयर्लंड बेटावर पुन्हा सरहद्द उभी राहू नये म्हणून मालाच्या बाबतीत युरोपचे बरेच नियम तिथं चालूच ठेवले गेले. हे १८०० च्या एकीकरण कायद्याच्या विरुद्ध आहे, असा दावा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की संसदेनं हे स्पष्ट शब्दांत केलं आहे, म्हणून ते चालणार. म्हणजे युरोप सोडल्यावरही युक्तिवाद तोच.

आणि मासे? मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात नवा समझोता झाला. युरोपच्या नौकांना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी करता येईल असं त्यात ठरलं. अन्न आणि शेतमालाच्या नियमांत युरोपशी जुळवून घ्यायचं आणि युरोपीय कायद्याचा अर्थ काय, यावर लक्झेंबर्गचा शब्द अखेरचा मानायचा, ही दिशाही त्यातच ठरली. या वेळी कॉर्नवॉलच्या कोळ्याला सगळं आधीच कळलं. त्याला ते पटलेलं नाही, आणि तो ते उघड बोलतो आहे.