कोण हाय तो, ह्याच्या आधी विचारायचा प्रश्न

मंडळी, आयोजक पोरं मघाशी म्हणाली, सर नागरी हक्कांवर बोला पण राजकारण जरा टाळा, वाद होतील. मी म्हटलं वाद होऊ देत की. बिंदू चौकातल्या सभा ऐकत वाढलेलं कोल्हापूर आहे हे, इथं वादाला कोण घाबरतंय. माझी तक्रार वेगळीच आहे, आपण वाद चुकीच्या जागेवरनं सुरू करतो.

बघा कसं होतं. कुणीतरी एक पोरगं स्टेटस ठेवतं, त्याचा स्क्रीनशॉट फिरतो, पोलीस उचलतात आणि कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो, कोण हाय तो? कुणाचा माणूस? उत्तर मिळालं की सगळ्यांचं मत तयार. आपला असला तर अन्याय, त्यांचा असला तर बरं झालं, आत टाका. जून 2023 मध्ये आपण हे सगळ्यांनी बघितलंय, स्टेटसवरनं पेटलं, 7 जूनला बंद, दगडफेक, लाठीमार आणि मग अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद. त्या आठवड्यात मी किती जणांशी बोललो असेन, पण कुठलं कलम लावलंय, नेट बंदचा हुकूम कुठाय, हे विचारणारा माणूस शोधून सापडत नव्हता.

आता 1950 सालात चला, कारण ही गोष्ट प्रत्येक तालमीत सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. राज्यघटना लागू होऊन चार महिने झालेत. मुंबईतनं क्रॉसरोड्स नावाचं डाव्या विचाराचं साप्ताहिक निघायचं, रोमेश थापर त्याचे संपादक, मद्रास सरकारनं त्याला आपल्या राज्यात यायलाच बंदी केली. तिकडं दिल्लीत ऑर्गनायझर, हे संघाच्या विचाराचं, त्याला हुकूम गेला की जातीय विषयावरचा मजकूर, पाकिस्तानबद्दलच्या बातम्या छापायच्या आधी आम्हाला दाखवा. दोघंही सुप्रीम कोर्टात गेले. एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं, आणि 26 मे 1950 ला, एकाच दिवशी, त्याच न्यायमूर्तींनी दोघांच्याही बाजूनं निकाल दिला. डावं कोण, उजवं कोण ह्यावर निकाल फिरलाच नाही, प्रश्न एवढाच होता की सरकारला हा अधिकार घटनेनं दिलाय का, आणि उत्तर आलं, ‘नाही’. न्यायमूर्ती फझल अलींचं मत मात्र दोन्ही खटल्यांत वेगळं होतं, सार्वजनिक शांतता बिघडली तर त्याचा धोका राज्यालाच असतो असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणणं काही टाकाऊ नव्हतं.

पुढच्याच वर्षी, 1951 ला, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेच्या कलम 19(2) मध्ये, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कुठल्या कारणांनी बंधन घालता येतं ते सांगणाऱ्या कलमात, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण आलं. आज तुमच्या पोस्टवर कारवाई होताना जे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं ते तिथनं आलेलं आहे. पण त्याच दुरुस्तीनं ‘वाजवी’ हा शब्दही घातला, बंधन वाजवीच पाहिजे, आणि वाजवी आहे का हे कोर्ट बघणार. लोक पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही.

मग वाजवी म्हणजे किती? 2012 ला बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यातनं पुढं श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि 24 मार्च 2015 ला आयटी कायद्याचं कलम 66अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं, रद्द झालं. त्या निकालातली मोजपट्टी लक्षात ठेवा: एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, तिची बाजू घेणं, आणि तिच्यासाठी लोकांना चिथावणं. पहिल्या दोन्हींना संरक्षण आहे, मग ते मत तुम्हाला मला कितीही झोंबू दे, चिथावणीपर्यंत गेलं तरच सरकारचा हात तिथं पोचतो. चौकात अमुक वाजता जमा, अमक्याचं दुकान सोडायचं नाही असं लिहिणं ही चिथावणी, आणि ती कुणीही करू दे, भगवा झेंडा असू दे, हिरवा, निळा नाहीतर लाल, तिथं मी कुणाचीही बाजू घेणार नाही.

कलम रद्द झालं म्हणून गुन्हे थांबले का? नाही. कित्येक वर्षं पोलीस ठाण्यात 66अ लागतच राहिलं, शेवटी ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की ह्या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. म्हणून मी म्हणतो कलम विचारा. समजा भारतीय न्याय संहितेचं 196 लावलं, दोन गटांत तेढ निर्माण करणे, साध्या प्रकारात शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, 2014 च्या अर्नेश कुमार निकालानं हे स्पष्ट केलंय, अटक का गरजेची आहे ती कारणं पोलिसांनी लिहायला लागतात, नाहीतर चौकशीला हजर राहा अशी नोटीस द्यायची. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 35(3) खाली येते. नोटीस आली तर जायचं, टाळायचं नाही. आणि अटक झालीच तर वकील आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट, हा घटनेच्या कलम 22 चा हक्क आहे, कुणाच्या मेहेरबानीचा विषय नाही.

तसंच बंदी आदेशाचं. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 लागू झालंय असं सणासुदीला, निवडणुकीला आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. मोर्चा, जमाव ह्यावरची ती बंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते, हे किती जणांना माहीत आहे? आणि नेट बंद केलं तर तो हुकूम जाहीर करावा लागतो, बेमुदत बंदी चालत नाही, 10 जानेवारी 2020 चा अनुराधा भसीन निकाल आहे. हुकूम हातात नसेल तर त्याला आव्हान कशाच्या जोरावर देणार?

आणि हे कोल्हापूरला नवं आहे का सांगा. शाहू महाराजांचं नाव घेऊन आपण एकमेकांच्या अंगावर जातो, पण महाराजांनी काय केलं, 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के जागांचा हुकूम करवीर गॅझेटात छापला. लेखी, सगळ्यांसमोर, ज्याला विरोध करायचा त्यानं ओळ धरून करावा. आणि विरोध झालाही, भरपूर झाला, म्हणून हुकूम काही तोंडी ठेवला नाही.

मागं बसलेल्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, ग्रुप ॲडमिनचं काय? मेंबरनं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 ला सांगितलंय, दोघांचं संगनमत दिसलं पाहिजे. दुसरी चिठ्ठी, एवढं सगळं करायला मुंबईला कोण जाणार? चाळीस वर्षांहून जास्त आपण त्यासाठीच भांडलो, ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, कोल्हापूरसकट सहा जिल्ह्यांसाठी. घटनेच्या कलम 226 खालची, म्हणजे हक्क मोडला तर थेट हायकोर्टात करायची याचिका आता भाऊसिंगजी रोडवरनं चालत जाऊन करता येते. जाताना फक्त हुकुमाची प्रत घेऊन जा, आणि ज्याच्यासाठी जाताय तो तुमच्या पार्टीचा नसला तरी जा.