सोळा बार आणि त्यानंतरचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

मागे मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, जाहिरातीला पैसा नाही. गाणं स्वतः लिहायचं, स्वतः रेकॉर्ड करायचं आणि स्वतःच लोकांपर्यंत न्यायचं. अंडरग्राउंड हिप-हॉप म्हणतात ते हे. या कलावंतांचा बंडखोरपणा सगळ्यांना दिसतो, पण त्यांचं काम फारसं कुणाला दिसत नाही. आज त्या कामाबद्दल बोलू. गाणं ज्या दिवशी तयार होतं, त्याच दिवशी ते कुणाचं आणि किती, हे ठरवणारा कलावंत टिकतो, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात लिखाणापासून. बीटचा, म्हणजे रॅपच्या मागे वाजणाऱ्या संगीताचा, वेग मिनिटाला ९० ठोके धरला, तर चार ठोक्यांचा एक बार साधारण २.७ सेकंदांचा होतो. सोळा बारचं कडवं म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडले, तर एका बारमध्ये सोळा घरं मिळतात. नवखा रॅपर सोळाच्या सोळा घरं अक्षरांनी भरून टाकतो. कागदावर ते भारदस्त दिसतं, पण तोंडानं म्हणायला गेलं की चौथ्या बारला दम लागतो. मग एकेक ओळ तुकड्यातुकड्यानं रेकॉर्ड होते. गाणं ऐकायला झकास लागतं आणि रंगमंचावर त्याच ओळीला आवाज बसतो. म्हणून लिहितानाच दर दुसऱ्या बारच्या शेवटी दोन-तीन घरं मोकळी सोडावीत आणि श्वासाच्या जागी कागदावर तिरकी रेघ मारावी. कडवं पाठ झाल्यावर उभं राहून, चालत चालत, सलग तीनदा म्हणावं. तिसऱ्या वेळी जिथे अडखळतं, ती ओळ बदलायची.

यमकाचंही तसंच. ओळीच्या शेवटी एकच अक्षर जुळवणं सोपं आहे, पण कानाला गुंतवून ठेवते ती अख्ख्या शब्दांची जोडी. ‘वाट पाहतो’ला ‘लाट वाहतो’ जुळलं की पाचही अक्षरांचे स्वर एका रांगेत बसतात. अशा जोड्यांची वेगळी वही ठेवावी आणि रोज ठरलेल्या वेळी, अर्धा तास का होईना, तिच्यात भर घालावी. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यापेक्षा वही भरणारा पुढे जातो.

आता बीट. १९८७ मध्ये आलेल्या ‘एसपी-१२००’ या आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे. जागा वाचवायला निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगानं वाजवून आत घ्यायचे आणि यंत्रात पुन्हा संथ करायचे. त्यातून जो खरखरीत, दाणेदार आवाज आला, तो पुढे त्या काळच्या हिप-हॉपची ओळखच झाला. अडचणीतून शैली कशी घडते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

पण सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा, घेतलं की कायदा आला. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं रॅपर बिझ मार्कीच्या परवानगी न घेतलेल्या सॅम्पलविरुद्ध निकाल दिला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. परवानग्या दोन लागतात: एक मूळ रचनेची, दुसरी मूळ ध्वनिमुद्रणाची. दुसरी मिळणार नसेल, तर तीच चाल वादकाकडून नव्यानं वाजवून घेता येते. मग फक्त रचनेची परवानगी पुरते.

भाड्यानं घेतलेल्या बीटचा घोळ याहून जास्त वेळा होतो. तीच बीट आणखी दहा जणांनी घेतलेली असते. त्यांतल्या एकानं आपलं गाणं यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’त, म्हणजे सारखा आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं, की बाकीच्यांच्या गाण्यांवर दावा लागतो आणि त्यांची कमाई अडकते. म्हणून करारातली तीन कलमं नीट वाचावीत: किती वेळा ऐकलं जाईपर्यंत परवाना चालतो, मुदत किती आणि कंटेंट आयडीबद्दल काय लिहिलंय. एमपी३ वर गाणं उरकू नये. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक मिळाला, तरच आवाजाला बीटमध्ये नीट जागा करता येते.

रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओ लागतोच असं नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करावी. माइकच्या समोरून होणारं आवाजाचं परावर्तन कपडे शोषून घेतात. माइकपासून तोंड एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा फटका अडवणारी जाळी), फाइल २४ बिटची आणि सर्वांत मोठा उच्चार उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. शून्याच्या वर गेलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर जोडता येत नाही. हेडफोन बंद पाठीचे वापरावेत, नाहीतर बीट माइकमध्ये झिरपते.

गाणं संपलं की घरी जाण्याआधी स्प्लिट शीट भरायची. एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, बीट कुणाची, ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची, प्रत्येकाचे टक्के आणि सह्या. रचनेची बेरीज १००, ध्वनिमुद्रणाची बेरीज वेगळी १००. मित्रामित्रांत कागद कशाला, असं वाटतं. पण गाणं चाललं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो, आणि तेव्हा मैत्री वाचवतो तो हाच कागद.

कमाईबद्दल सरळच सांगतो. स्ट्रीमिंगवर पोट भरेल, असं धरून चालू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच निघत नाही. कलावंत चाहत्यांना थेट विकतो अशा बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के कापले जातात. पेमेंटचा खर्च वेगळा. तिथे शंभर खरे चाहते हजारो अनोळखी कानांपेक्षा जास्त देतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये रॅपर टू शॉर्ट आणि त्याचा साथीदार मागणीनुसार कॅसेट बनवून विकायचे. गिऱ्हाइकाचं नाव गाण्यातच गुंफलेलं असायचं. २०१३ मध्ये रॅपर निप्सी हसलनं आपली मिक्सटेप, म्हणजे स्वतः काढलेला गाण्यांचा संग्रह, इंटरनेटवर फुकट दिली आणि तिच्याच हजार प्रती शंभर डॉलरला एक अशा विकायला ठेवल्या. दोघांनीही गाण्यासोबत जवळीक विकली.

व्हिनाइल काढणार असाल, तर बारा इंची तबकडीच्या एका बाजूला २० मिनिटांच्या आतबाहेर राहा. त्याहून जास्त कोंबलं की खाच अरुंद होते आणि आवाज बारीक येतो. चाचणीची प्रत ऐकल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नका.

आणि नोकरी करत असाल, तर त्याची लाज बाळगू नका. भाडं नोकरीतून सुटत असलं, की वाईट कराराला नाही म्हणायची ताकद येते. दुसऱ्यांची गाणी मिक्स करणं, कार्यशाळा घेणं, पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणं कडवं लिहिणं, हेही कामच आहे. त्याचा दर आधी ठरवावा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत.

शेवटचं काम गाणं संपलं त्याच रात्री करायचं. सगळे ट्रॅक सुटे, सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून, डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे न दाबलेल्या पूर्ण दर्जाच्या फाइलमध्ये, काढायचे. फाइलच्या नावात वेग आणि तारीख घालायची. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवायची आणि तिसरी घराबाहेर. मग त्यातली एक प्रत उघडून, हेडफोन लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची.

नमस्कार.